फेल मॅडमचा मेंढीकोट

प्रोग्राम नापास झाला की पेढा मिळाल्यासारखा चेहरा करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या सेंटरमध्ये कुणाच्या पडद्यावर लाल पट्टी उमटली की त्या खुर्चीवरून उठत, चष्मा कपाळावर चढवत आणि खालच्या कापड दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "फेल झालं? वा! कुठी, दाखव मले." पट्टी हिरवी आली, म्हणजे सगळं बरोबर निघालं, तर मात्र त्या आमच्याकडे संशयानं पाहत. "पहिल्याच झटक्यात पास? काहीतरी गडबड हाये बावा." बाकी सगळी दुनिया मुलांना पास व्हायला शिकवत होती, या बाई नापास कसं व्हायचं ते शिकवत होत्या. म्हणून त्यांचं नाव पडलं फेल मॅडम. अर्थात माघारी. एकदा हजेरीच्या वेळी माझ्या तोंडून "येस, फेल मॅडम" असं निसटलं. वर्ग गारठला. त्यांनी वर न पाहता माझ्या नावापुढे खूण केली आणि म्हणाल्या, "पाह्य, नावाचीबी टेस्ट झाली. चालते."

दोन हजार सालानंतरची ती चार-दोन वर्षं. बालाघाटात तेव्हा कॉम्प्युटर ज्याच्या त्याच्या तोंडी होता आणि घरी कुणाच्याच नव्हता. हनुमान चौकाजवळ एका कापड दुकानाच्या वर आमचं सेंटर होतं. चपला जिन्यात काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. मशीनांवर फुलाफुलांच्या खोळी असत आणि सेंटरचे मालक भैयाजी त्या खोळी नवरीचा पदर सारावा तशा हळूच काढत. मी बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मॅडम आम्हाला जावा शिकवत. नागपूरला शिकून, तिथंच थोडी नोकरी करून त्या गावी परतल्या होत्या, कारण आई गेली आणि सिंचन विभागातून रिटायर झालेले वडील घरात एकटे पडले. वडिलांना सारं गाव आबा म्हणे. आबा, त्यांचे तीन मित्र आणि ओसरीवरचा मेंढीकोट यांत मॅडमचं बालपण गेलं होतं. भिडू कमी पडला की लहानपणापासून त्यांनाच बसवत.

पुस्तकात ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग समजावायला बँकेच्या खात्याचं उदाहरण होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी पुस्तक मिटलं. "बँकेत तुमच्यापैकी कोनाचं खातं हाये? नाही ना? मंग ते राहू द्या. मेंढीकोट कोनाकोनाले येते?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चौघांनी दोन-दोनच्या जोडीनं खेळायचं, ज्या जोडीकडे दश्श्या जास्त तिनं जिंकायचं, हा खेळ येत सगळ्यांना होता. पण मॅडमसमोर कबूल कोण करणार? शेवटी सरितानं हात वर केला. सरिता लालबर्र्याची. तिच्या घरची राइस मिल होती आणि ती रोज बसनं यायची. "मले येते," ती म्हणाली, "पर घरी नका सांगू."

तिथून आमचा कॉम्प्युटरवर मेंढीकोट खेळणारा प्रोग्राम सुरू झाला. एक क्लास, म्हणजे प्रोग्राममधला स्वतंत्र तुकडा, पानाचा, एक कॅटचा, एक खेळाडूचा. "पानाले काय मालूम असते?" मॅडम विचारत आणि स्वतःच सांगत, "आपला रंग अन आपला आकडा. बस. आपन कोनाच्या हातात हावो, हे त्याले मालूम नाही, अन मालूम करून घ्याची गरजबी नाही. कॅटले मालूम, आपल्याजवळ कोनते पानं उरले. खेळाडूले फक्त आपला हात मालूम. दुसऱ्याच्या हातात डोकावलं का कान पकडून बाहेर!" पुढे मी या विषयावर जाडजूड पुस्तकं वाचली. त्यांत याहून जास्त काही नव्हतं, फक्त कान पकडायचं कुणी लिहिलं नव्हतं.

दुसरा नियम परीक्षेचा. कुठलाही क्लास लिहायच्या आधी त्याची टेस्ट लिहायची, म्हणजे त्या क्लासला आडवेतिडवे प्रश्न विचारणारा एक छोटा प्रोग्राम. तेरा पानं वाटली तर मागे एकोणचाळीस उरतात का? कॅट रिकामा असताना पान मागितलं तर तो भांडतो, का गुपचूप हवा हातात देतो? "आधी पेपर काढा, मंग अभ्यास करा," मॅडम म्हणत. "कालेजात उलटं चालते, म्हनून तुमचे हे हाल हायेत."

पानं पिसायची मेथड माझ्या वाट्याला आली. मी ती लिहिली, टेस्टही लिहिली. पिसण्याआधी बावन्न, पिसल्यावर बावन्न. हिरवी पट्टी. मी पाय पसरून, डोक्यामागे हात बांधून बसलो. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"बावन्न हायेत हे तू मोजलं नितीन. कोनते बावन्न?"

मला प्रश्नच कळला नाही.

"गावात बावन्न घरं हायेत, अन बावन्नही घरात नितीनच राहून राह्यला, त चालन काय?"

सरितानं लगेच शेजारच्या मशीनवर दुसरी टेस्ट लिहिली: प्रत्येक पान एकदा आणि एकदाच सापडलं पाहिजे. लाल पट्टी. माझ्या कॅटमध्ये चौकटचा गुलाम दोनदा निघाला आणि इस्पिकची राणी कुठंच नव्हती. मॅडमचा आनंद गगनात मावेना. त्यांनी साऱ्या वर्गाला बोलावलं. "या रे पोट्टेहो, या! राणी पळून गेली अन तिच्या जागेवर गुलाम बसला. नितीनच्या राज्यात क्रांती झाली, अन राजाले पत्ताच नाही!" पुढे महिनाभर मला सेंटरमध्ये "राजे" म्हणत.

पण खरी धमाल शनिवारी. शनिवारी लबाडी असायची. आपण पाणी प्यायला उठायचं आणि तेवढ्यात शेजाऱ्यानं आपल्या प्रोग्राममध्ये एक बारीकशी लबाडी करून ठेवायची. अधिकच्या जागी उणे, एखादी बरोबरीची खूण कमी, असलं काहीतरी. परत येऊन आपण आपल्या टेस्ट चालवायच्या. लबाडी पकडली तर आपण जिंकलो, नाहीतर सोमवारी साऱ्यांसाठी घरून चिवडा आणायचा. "चोर हुशार असला त दोष कुलपाचा," असा मॅडमचा न्याय. त्या स्वतःही लबाडी करत, आणि त्यांची लबाडी अगदी घरगुती असे. एकदा माझा प्रोग्राम किती वेळा चालवला तरी बदामचा एक्का एकाच खेळाडूकडे जाई. माझ्या सगळ्या टेस्ट हिरव्या. मी डोळे फाडून बघत बसलो. शेवटी सरितानं दाखवलं की त्या खेळाडूचं नाव कुणीतरी 'मॅडम' करून ठेवलंय. त्या सोमवारी आईच्या हातचा चिवडा सगळ्यांत जास्त मॅडमनीच खाल्ला, आणि वर "मीठ कमी हाये, आईले टेस्ट कराले सांगजो" असा निरोपही धाडला.

लाइट जाणं ही तेव्हा बातमी नव्हती. मशीनं बंद पडली की मॅडम पर्समधून खरा कॅट काढत आणि आम्हालाच प्रोग्राम बनवत. एकजण कॅट, चौघं खेळाडू आणि सरिता टेस्ट. कॅट झालेल्यानं विचारल्याशिवाय पान द्यायचं नाही, खेळाडूनं शेजाऱ्याकडे बघायचं नाही, आणि सरितानं टेबलाभोवती फिरत प्रत्येकाला भंडावून सोडायचं. उकाड्यानं जीव जायचा, म्हणून खिडक्या सताड उघड्या असत. टेबलावर पत्ते पसरलेले, भोवती मुलं-मुली, मध्ये हसणारी मॅडम. समोरच्या गच्चीवरून हे दृश्य कुणीतरी पाहिलं आणि बालाघाटात ते संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचलं. चौकात ते पत्ते होते, स्टेशनवर जाईपर्यंत जुगार झाला, आणि आमच्या गल्लीत आला तेव्हा त्यात पैसेही लागले होते.

माझे बाबा कोर्टात रीडर होते. साहेबांसमोर फायली मांडायच्या, तारखा पुकारायच्या, असं त्यांचं काम. घरात त्यांचा एक कायदा होता: पत्ता उंबऱ्याच्या आत येणार नाही. दिवाळीतसुद्धा आम्ही कॅरम खेळायचो. बातमी कळली तसं त्यांनी मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन पालक सोबत घेऊन ते थेट सेंटरमध्ये आले. आमचा तास चालू होता.

भैयाजींना घाम फुटला. "मैडम, ये लोग कुछ पूछने आए हैं," एवढंच म्हणून ते एका मशीनची खोळ उगीच नीट करू लागले.

बाबा म्हणाले, "मॅडम, आमी पोराले कॉम्प्युटर शिकाले धाडलं. पत्ते त तो गल्लीतबी शिकला असता."

"बरोबर हाये काका," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "गल्लीत जल्दी शिकला असता."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, संपलं. माझाही कोर्स संपला आणि मॅडमची नोकरीही. भैयाजींनी तोवर दोनदा घड्याळ पाहिलं होतं.

मॅडमनी पर्समधून कॅट काढून बाबांपुढे ठेवला. "काका, तुमी कोर्टातले. गवाह तपासल्याबिगर तुमच्याकडे फैसला होत नाही. मंग आधी तपासून घ्या. पुरा कॅट हाये का नाही, तेवढं सांगा."

"मी पत्त्याले हात लावत नाही."

"खेळा कोन म्हनते? निस्तं मोजा."

सगळे बघत होते. बाबांनी नाइलाजानं कॅट उचलला. आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. बाबांच्या हातांनी बाबांना विचारलंच नाही. त्यांनी कॅट टेबलावर ठोकून सारखा केला, अंगठ्यानं अर्धा उचलला, दोन्ही भाग एकमेकांत फर्रकन मिसळले, पुन्हा मिसळले, आणि पंख्यासारखी पानं पसरून एका नजरेत फिरवली. कोर्टात तारीख पुकारावी तशा आवाजात म्हणाले, "किलवरची दश्शी नाही."

खोलीत पंख्याचाही आवाज नव्हता, कारण लाइट गेलेली होती.

मॅडमनी कीबोर्ड उचलला. खाली किलवरची दश्शी होती. "मीच लपवलती," त्या म्हणाल्या. "टेस्ट होती."

बाबांना तेव्हा कळलं की आपण काय करून बसलोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "टेस्ट कॅटची होती का माझी?"

"लय चांगली पास झाली काका," मॅडम म्हणाल्या. "म्हनून मले शंका येऊन राह्यली."

आधी हसले ते बाबांसोबत आलेले दोघं. मग भैयाजी, आणि शेवटी बाबा. इतक्यात लाइट आली. मॅडमनी बाबांना माझ्या मशीनसमोर बसवलं आणि आमच्या मेंढीकोटातले बाकीचे तिन्ही हात कॉम्प्युटरकडे दिले. बाबा दोन डाव गप्प खेळले. तिसऱ्या डावात खुर्चीवरून उठलेच. "हे पाहा! याच्या हातात बदाम असून यानं हुकूम मारला. आता दोन हातानंतर तोच बदाम काढून राह्यला. बेईमान हाये तुमचा कॉम्प्युटर!"

"फेल? वा!" मॅडम जवळजवळ धावत आल्या. आमच्या इतक्या टेस्ट झाल्या होत्या, पण उतारीचा रंग हातात असताना हुकूम मारता येत नाही हे विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही सगळे प्रामाणिक खेळणारे, त्यामुळे. मॅडमनी मला तिथंच टेस्ट लिहायला लावली. बाबा नियम सांगत होते, मी टाइप करत होतो, पट्टी लाल झाली, मग मी खेळाडूचा क्लास दुरुस्त केला आणि पट्टी हिरवी झाली. "आता झाला शरीफ," बाबा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक डाव वाटायला सांगितला.

परतताना सायकल हातात धरून आम्ही चालत होतो. बाबा स्वतःहून बोलू लागले. तरुणपणी रामपायलीच्या जत्रेत ते मेंढीकोटाला बसले की उठत नसत. मॅट्रिकची परीक्षा आली आणि गेली, त्यांना डावात समजलंच नाही. एक वर्ष गेलं. आजोबा ओरडले नाहीत, फक्त बोलायचे बंद झाले. "तेव्हापासून हात लावला नाही," बाबा म्हणाले. "वाटलं, तुहंबी तसंच होते का काय." थोडं पुढे गेल्यावर त्यांनी घसा साफ केला. "अन आईले सांगू नको."

आमचं सेंटर वाचलं, पण सरिता यायची थांबली. बातमी बसनं लालबर्र्याला पोचली होती आणि तिच्या वडिलांनी भांडण न करता तिचं येणं बंद केलं होतं. मॅडमनी तीन-चार दिवस वाट पाहिली. रविवारी त्यांनी लालबर्र्याची बस धरली. सोबत बाबा होते, वडीलधारा माणूस असावा म्हणून, आणि मी होतो, सरिताचं घर ठाऊक म्हणून.

सरिताचे वडील मिलमध्येच भेटले. धानाच्या बोऱ्यांच्या थप्पीपुढे खुर्च्या मांडल्या गेल्या, चहा आला. ते बोलायला मऊ होते, आणि म्हणून जास्त कठीण. "पोरीवर माझा भरोसा हाये मॅडम. जमान्यावर नाही."

मॅडम बोऱ्यांकडे पाहत होत्या. एक नोकर टोकदार लोखंडी नळी बोऱ्यात खुपसून आतले दाणे काढून बघत होता. "काका, ते काय करून राह्यला तो?"

"परखी लावून राह्यला. वरून धान चांगला दिसते, आतला पाहा लागते."

"हा धान अनोळखी मानसाचा असन."

"नाही, भरोशाच्या मानसाचा हाये."

"मंग त्याच्या बोऱ्याले परखी काहून लावता?"

काका हसले. "त्याच्याच बोऱ्याले आधी लावा लागते. अनोळखी मानूस भेवून चांगला माल आनते."

मॅडमनी मांडीवर थाप मारली. "काका, आमी सेंटरमधे हेच करतो! प्रोग्राम म्हंजे बोरा अन टेस्ट म्हंजे परखी. पत्ते निस्ता धान हाये. मी बँकेचा धान घेतला असता त तुमाले राग नसता आला, पर पोट्टे झोपले असते."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "अन या परखीच्या कामात माही पोरगी कशी हाये?"

"माझ्याबी चुका काढते," मॅडम म्हणाल्या. यावेळी त्या हसत नव्हत्या. "मले त्याचा राग येते, इतकी चांगली हाये."

सरिता दाराआड उभी होती हे आम्हाला तिची बांगडी वाजली तेव्हा कळलं. काकांनाही कळलं. त्यांनी मान न वळवता हाक मारली, "सरू, उद्याच्या बसनं जाजो." आणि वर, "पर हारून घरी येऊ नको."

पत्ते शिकवणारी बाई हे नाव मॅडमच्या मागे मात्र चिकटलंच. त्यांना पाहायला भंडाऱ्याहून एक मुलगा आला, तेव्हा मुलाच्या आईनं पहिला प्रश्न तोच विचारला, "पत्ते शिकवता म्हणे?" हे आबांनी स्वतः बाबांना सांगितलं, कारण एव्हाना बाबा आबांच्या ओसरीवर जाऊ लागले होते, अर्थात नुसतं बघायला. मॅडम म्हणाल्या, "हौ. आज आबांचा चौथा भिडू आला नाही, तुमी बसता काय?" बाई बसल्या नाहीत. मग रीतीप्रमाणे मुलाला आणि मॅडमना बोलायला बाजूला बसवलं. मॅडमनी त्याला विचारलं, "तुमच्या हातून शेवटची चूक कोनती झाली?" तो इंजिनियर होता, चांगला सरळ माणूस होता. त्यानं खूप विचार केला आणि म्हणाला, "तशी काही आठवत नाही. मी आधीच विचार करून करतो." मॅडम बाहेर आल्या आणि आबांच्या कानात म्हणाल्या, "आबा, याची कधी तपासनीच झाली नाही." आबा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

ही गोष्ट सांगून बाबा घरी पोट धरून हसले. पण त्या आठवड्यात मॅडम वर्गात हसल्या नव्हत्या. माझ्या पडद्यावर लाल पट्टी आली आणि त्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत. "पाह्य तूच," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. तिशी ओलांडलेल्या मुलीला बालाघाटात काय काय ऐकावं लागतं, ते आम्हाला तेव्हा कळत नव्हतं, पण त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत, एवढं कळलं. मग सरिता आपल्या जागेवरून उठली, ओढणीचं टोक कपाळावर चष्म्यासारखं धरलं आणि मॅडमच्याच आवाजात ओरडली, "फेल झालं? वा! कुठी, दाखव मले!" मॅडमनी वळून पाहिलं. हसू आवरेना तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तो बराच वेळ पुसत राहिल्या.

आमचं शेवटचं वर्ष संपत आलं तेव्हा त्यांना पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. काम टेस्टिंगचं. भैयाजींचा विश्वास बसेना. "मैडम, टेस्टिंग की भी नौकरी होती है?"

"होती है भैयाजी! लोकांच्या चुका काढाचा पगार देतात. इतके साल मी फुकट काढून राह्यलती."

पण त्या हो म्हणत नव्हत्या, कारण आबा. अखेर आबांनीच निकाल लावला. ओसरीवर, भर डावात, हातातली पानं न ठेवता म्हणाले, "तू गेली का मले साखर घातलेला चहा भेटन. जाय बावा लवकर." मॅडम उठून आत गेल्या. आबांनी पुढचं पान चुकीचं टाकलं आणि हे बघूनही तिघांनी ते चालवून घेतलं. ओसरीच्या पायरीवर बसलेल्या बाबांनीही.

मे महिन्यात आम्ही त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. गोंदियापर्यंत छोटी लाइन, पुढे मोठी गाडी. आबा आले नव्हते. ऊन फार आहे म्हणाले. भैयाजींनी हार आणला होता, तो मॅडमनी भैयाजींनाच घातला. खिडकीशी बसून त्या एकेकाला काहीबाही सांगत होत्या. मला म्हणाल्या, "नितीन, पहिल्या खेपेत काही जमलं ना, का तू लय खूश होते. थोडंसं भ्याले शिक, लय पुढं जाशीन." गाडीनं शिट्टी दिली. सरिता खिडकीजवळ गेली आणि म्हणाली, "मॅडम, तिथी तुमच्या चुका कोन काढन?"

मॅडमनी खिडकीतून हात काढून सरिताचा हात धरला. छोटी गाडी हळू निघते. सरिता प्लॅटफॉर्म संपेपर्यंत सोबत चालत गेली.

शेवटचा महिना राहिला होता, म्हणून भैयाजींनी सिवनीहून एक नवे सर आणले. सर भले होते, वहीतून प्रोग्राम सांगत आणि आम्ही लिहून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा होती. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक प्रोग्राम लिहिला. सरितानं उभं राहून विचारलं, यादीत काहीच नसेल तर काय होईल? सर म्हणाले, असं होत नाही. मी विचारलं, एकच नाव दोनदा आलं तर? सर म्हणाले, कशाला येईल? मग तिसरा उठला, मग चौथी. आम्ही कुणी उद्धट नव्हतो, आम्हाला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. सरांनी खडू आपटला. "इतना बिगाड़ा किसने है तुम लोगों को? नाम बताओ!"

सरिता पुढे गेली, खाली पडलेला खडू उचलला आणि सरांच्या प्रोग्रामच्या वर, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: कुमारी वसुधा देशकर. मग जागेवर येऊन बसली. सर नाव वाचत राहिले. त्या दिवशी तास संपला, दुसऱ्या दिवशी सुरू झाला, पण फळा पुसायला आमच्यातलं कुणीच उठलं नाही.